मोजलेले मासे

सप्टेंबर संपत आला की लॉख मारीवर होडी काढणाऱ्याला मासा मिळेलच असा भरवसा नसतो, आणि मिळालाच तर त्याने तो पुन्हा पाण्यात सोडावा अशी अपेक्षा असते. होडीचं भाडं भरायचं, वल्हं मारणाऱ्याला मजुरी द्यायची, दिवसभर पावसात भिजायचं आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी काठावर उतरायचं. तरीही होड्या निघतात. पूर्वीपेक्षा फार थोड्या, पण निघतात. हा उद्योग काय आहे, कुठून आला आणि आज कोणत्या अवस्थेत आहे, हे मराठी वाचकापुढे ठेवावं म्हणून हे पुस्तक लिहिलं. आत शिरण्याआधी जे ठाऊक असलेलं बरं, तेवढं इथे सांगतो.

स्कॉटलंडच्या वायव्य भागात वेस्टर रॉस नावाचा डोंगराळ मुलूख आहे. लॉख मारी तिथे आहे. स्कॉटिश लोक गोड्या पाण्याच्या तळ्यालाही लॉख म्हणतात आणि जमिनीत घुसलेल्या समुद्राच्या फाट्यालाही, त्यामुळे नवखा वाचक गोंधळतो. लॉख मारी हे गोड्या पाण्याचं तळं आहे. लांबी सुमारे 20 किलोमीटर, क्षेत्रफळ 28 चौरस किलोमीटरच्या आसपास, खोली काही ठिकाणी शंभर मीटरहून जास्त, आणि मधोमध साठाहून अधिक बेटं. एका काठावर स्लिओख हा 981 मीटर उंचीचा डोंगर उभा आहे. समोरच्या बाजूला बेन एय, ज्याला 1951 साली ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र म्हणून घोषित केलं. तळ्याचं पाणी यू नावाच्या नदीतून वाहतं. ही नदी जेमतेम तीन-चार किलोमीटरची आहे आणि पूलयू गावापाशी समुद्राच्या फाट्याला मिळते. त्या फाट्याचं नाव लॉख यू. दुसऱ्या महायुद्धात रशियाकडे रसद नेणारे जहाजांचे तांडे इथूनच निघत. तळं, आखूड नदी, खारा फाटा: या तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पुढची सगळी कथा त्यांच्यामधल्या ये-जेची आहे.

हा मुलूख पाहून ‘माणसाचा हात न लागलेला निसर्ग’ असं म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला याच तळ्याकाठी लेटर्यू इथे लोखंड गाळण्याच्या भट्ट्या पेटल्या होत्या आणि त्यांच्या कोळशासाठी काठची ओकची झाडं तुटली. आइल मारी या छोट्या बेटावर संत मेलरूवाच्या नावाची विहीर आहे. या संताच्या सणाच्या सुमारास, ऑगस्टच्या अखेरीस, इथे बैलांचा बळी दिला जाई, आणि 1656 मध्ये डिंगवॉलच्या धर्ममंडळाने तो बंद करण्याचा हुकूम काढला. बेटावरच्या नवसाच्या झाडात लोक नाणी ठोकत. 1877 च्या सप्टेंबरात राणी व्हिक्टोरिया काठावरच्या हॉटेलात सहा दिवस राहिली, तेव्हा तिनेही एक ठोकलं. पुढे तांब्याच्या विषाने ते झाड मेलं. राणी येऊन गेल्यावर तळ्याचं नाव दूरवर गेलं आणि मासेमारीला येणाऱ्या धनिकांची रीघ लागली.

आता मासे. रावस इंग्रजी मेन्यूकार्डावर सॅमन म्हणून मिरवतो, पण त्याचा इथल्या सॅमनशी काही संबंध नाही. लॉख मारीतले दोन मासे आपल्या कामाचे आहेत. एक अटलांटिक सॅमन. दुसरा सी ट्राउट, म्हणजे काश्मीरच्या लिद्दर नदीत सापडतो तोच ब्राउन ट्राउट. फरक एवढाच की तो समुद्रात जाऊन आलेला असतो. या दोन ट्राउटांची जात एक. एकाच आईच्या पोटची काही पिल्लं जन्मभर ओढ्यात राहतात, तपकिरी आणि ठिपकेदार होतात आणि पाऊण-एक पौंडावर थांबतात. काही दोन-तीन वर्षांची झाली की अंगावर चांदीचं पाणी चढवून वसंतात समुद्रात उतरतात, आणि तिथल्या कोळंब्या व बारीक मासे खाऊन पाच, आठ, दहा पौंडांची होऊन परततात. समुद्रात जाणाऱ्यांत माद्या जास्त असतात. मोठं अंग म्हणजे जास्त अंडी, त्यामुळे हा धोका पत्करणं त्यांना परवडतं.

सगळ्या ट्राउटांची जात एक, ही गोष्ट फार दिवस मान्य नव्हती. एकोणिसाव्या शतकातले प्राणिशास्त्रज्ञ प्रत्येक नदीतल्या ट्राउटला वेगळं लॅटिन नाव देत होते. त्यांना विरोध करून हे सगळे एकाच जातीचे मासे आहेत असं म्हणणाऱ्यांत फ्रान्सिस डे हा एक होता. भारतात मत्स्यशास्त्र शिकणाऱ्याला हे नाव नवं नाही. मद्रासच्या लष्करी सेवेत डॉक्टर असलेल्या या गृहस्थाने ‘फिशेस ऑफ इंडिया’ हा आजही चाळला जाणारा ग्रंथ 1875 ते 1878 या काळात प्रसिद्ध केला. निवृत्तीनंतर मायदेशी परतून त्याने स्कॉटलंडमधल्या हाऊइटाउनच्या मत्स्यबीज केंद्रात ट्राउट आणि सॅमनच्या संकरांचे प्रयोग पाहिले आणि 1887 मध्ये ब्रिटनच्या सॅमन कुळावर पुस्तक काढलं. भारतातल्या पाण्यापासून स्कॉटलंडच्या ओढ्यापर्यंत दोन्हीकडचे मासे ज्याने हातात धरून पाहिले असा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

स्कॉट्स कायदा फ्रान्सिस डेच्याही पुढे जातो. 2003 च्या मत्स्य कायद्यातल्या व्याख्येनुसार समुद्रात जाऊन येणारा ट्राउट हा सॅमनच. हंगाम, मालकी, दंड बहुतेक सगळं दोघांना सारखं. पाण्यात मात्र दोघांचं वागणं वेगळं आहे. सॅमन फाट्यातून झटपट बाहेर पडतो आणि नॉर्वेजियन समुद्र, ग्रीनलंडपर्यंत जातो. सी ट्राउट घराजवळच रेंगाळतो. आठवडे, महिने फाट्यात आणि किनाऱ्यालगत चरतो. या रेंगाळण्यानेच पुढे त्याचा घात केला.

परतीचा प्रवास पावसावर अवलंबून असतो. नदी आटलेली असेल तर मासे पूलयूच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात थांबून राहतात. अटलांटिकवरून पावसाची सर आली, नदी फुगली, की एका रात्रीत शेकडो वर चढतात. रायगड-पालघरच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. पहिल्या मोठ्या पावसात ओहोळांतून, बांधांवरून खाचरांत चढणारी वलगण त्याने पाहिली आहे. गाभोळीने भरलेल्या माद्या आणि कंदील घेऊन धावणारी माणसंही. लॉख मारीवर जून-जुलैत सुरू होणारी ही चढण ऑक्टोबरपर्यंत टप्प्याटप्प्याने चालते. मासे ओढ्यांत लगेच शिरत नाहीत. तळ्यात उतरून आठवडेच्या आठवडे वाट पाहतात आणि ऑक्टोबरच्या शेवटी, नोव्हेंबरात अंडी घालायला उथळ गोट्यांच्या पाण्याकडे वळतात. या वाट पाहण्याच्या काळात सॅमन काहीही खात नाही. सी ट्राउट क्वचित काही टिपतो, न टिपल्यासारखंच.

तरी ते गळाला का लागतात? कोणी म्हणतं जुन्या सवयीने, कोणी रागाने, कोणी नुसत्या कुतूहलाने. दीडशे वर्षं याच प्रश्नावर पुस्तकांमागून पुस्तकं निघत आहेत. जो मासा भुकेला नाही त्याला तोंड उघडायला लावायचं, हीच या मासेमारीतली सगळी गंमत आहे. भुकेल्या माशाला आमिष दाखवणं हा वेगळा धंदा.

शरदात तळ्याचा नूर बदलतो. उन्हाळ्यात हैराण करणारे मिज नावाचे चावरे चिलट थंडीने संपलेले असतात. बर्च पिवळे, नेचे गंजलेल्या रंगाचे, रोवनच्या फांद्या लाल फळांनी वाकलेल्या. डोंगरातून सांबरासारख्या तांबड्या हरणांच्या नरांचं माजाचं ओरडणं पाण्यावरून ऐकू येतं. संपातकाळची वादळं येतात, आणि वायव्य-आग्नेय पसरलेल्या या लांबोळ्या तळ्यात वाऱ्याला अडवायला काही नसल्याने तासाभरात समुद्रासारख्या लाटा उठतात. होड्या उलटून इथे माणसं बुडाली आहेत. माशांचाही रंग गेलेला असतो. जुलैत चांदीच्या नाण्यासारखा लखलखणारा सॅमन सप्टेंबरअखेर तांब्या-पितळेचा होतो, नराचा खालचा जबडा आकड्यासारखा वर वळतो, कातडी जाड होते. मादी काळपट आणि पोटाने भरलेली. खाणाऱ्याच्या दृष्टीने हे मासे निकामी. मांस फिकट आणि पिचपिचीत. ज्यांना ताटासाठी मासा हवा ते ऑगस्टातच घरी गेलेले असतात. शरदात राहतात ते खरे शौकीन, नाहीतर खरे हट्टी.

पकडण्याच्या दोन रीती आहेत. पहिली साधारण दहा-अकरा फुटी काठीने, दोरीच्या टोकाला तीन नकली माश्या बांधून. पिसं, केस आणि रंगीत धागा गळावर गुंडाळून केलेल्या या माश्यांना नावं आहेत: ब्लॅक पेनेल, सोल्जर पामर, झुलू, बिबियो, केट मॅक्लॅरेन. शेवटचं नाव सदरलंडमध्ये मासेमारीचं हॉटेल चालवणाऱ्या घराण्यातल्या एका आईचं आहे. होडी वाऱ्याला आडवी सोडायची आणि तिला वाहू द्यायचं. समोर आखूड फेक टाकायची, ओढत आणायची, आणि उचलण्याआधी सगळ्यात वरची माशी क्षणभर लाटेच्या पाठीवर घासत न्यायची. बहुतेक वेळा मासा त्याच क्षणी येतो. शेवटचे दोन हात ओढताना कंटाळलेला माणूस कधीच काही पकडत नाही.

दुसरी रीत डॅपिंग. लॉख मारी तिच्यासाठी प्रसिद्ध होतं आणि मला तीच अधिक आवडते. काठी पंधरा-सतरा फुटी. दोरीच्या जागी रेशमासारखा हलका, न वळलेला धागा. तो फेकायचा नसतो, वाऱ्यावर सोडायचा असतो. टोकाला एकच झुबकेदार मोठी माशी. वारा धागा उचलून पुढे नेतो आणि काठीचं टोक वर-खाली करून माशी लाटांवर नुसती टेकवायची, उचलायची, टेकवायची. वारा पडला की दिवस संपला. मोठा सी ट्राउट खालून येतो, कधी माशी शेपटीने मारून बुडवतो, कधी तिच्यावरून नुसताच उडी मारून जातो, आणि कधी तोंडात घेतो. तेव्हा काठी लगेच झटकायची नाही. मनातल्या मनात राणीला दीर्घायुष्य चिंतायचं आणि मग उचलायची, अशी शिकवण होती. आयर्लंडमध्येही डॅपिंग जोरात चालतं. तिथले लोक वेळ मोजायला काय म्हणतात ते विचारण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

दोन्ही रीतींत खरी कला होडी धरणाऱ्याची. त्याला घिली म्हणतात. शंभर मीटर खोल तळ्याचा बहुतेक भाग मासेमारीला बिनकामाचा असतो, कारण सॅमन आणि सी ट्राउट दोन ते चार मीटर पाण्यात, काठालगतच्या खडकांजवळ, बेटांच्या खाचांत आणि ओढ्यांच्या मुखाशी पडून राहतात. वाऱ्याने आत ओढलेली होडी वल्ह्याच्या दोन हलक्या फटक्यांनी त्या अरुंद पट्ट्यावर ठेवायची, पाण्याखालचा प्रत्येक दगड डोक्यात ठेवायचा, आणि लंडनहून आलेल्या साहेबाला हे सगळं त्याचंच कौशल्य आहे असं वाटू द्यायचं, हे घिलीचं काम. इंग्रजीतल्या मासेमारीच्या पुस्तकांत साहेबांची नावं असतात. घिली बहुधा विनोदी संवादापुरता येतो.

एकदा मात्र या दोघांचं नशीब एक झालं. 14 ऑगस्ट 1922 या दिवशी लॉख मारी हॉटेलातून बाहेर पडलेल्या मंडळींना दुपारच्या डब्यात सँडविच दिली होती, आत बरणीतलं रानबदकाचं मांस. काही पाहुण्यांनी आपल्यातली काही घिलींना दिली. आठवड्याभरात आठ माणसं मेली, सहा पाहुणे आणि दोन घिली. बॉट्युलिझमचा ब्रिटनमधला हा पहिला नोंदलेला उद्रेक. पुढच्या वर्षी त्यावर सरकारी अहवाल निघाला आणि डबाबंद अन्नाच्या अभ्यासात लॉख मारीचं नाव कायमचं राहिलं. वैद्यकीय विद्यार्थ्याला हे तळं माशांसाठी नव्हे, या सँडविचसाठी माहीत असतं.

मालकीचा विषय मराठी वाचकाला विचित्र वाटेल. स्कॉटलंडमध्ये सॅमन पकडण्याचा हक्क ही जमिनीपासून वेगळी अशी स्थावर मालमत्ता आहे. मुळात तो राजाचा. राजाने सरदारांना दिला, त्यांनी विकला, वारशाने ठेवला. काठावर घर असलं तरी समोरच्या पाण्यातला सॅमन तुमचा नसतो. गेलिक बोलणाऱ्या हायलँडरांनी हे कधी मनापासून मान्य केलं नाही. रानातली काठी, डोहातला सॅमन आणि डोंगरातलं हरण घेण्यात लाज नाही, अशा अर्थाची त्यांची म्हण आजही जिवंत आहे. माझी सहानुभूती म्हणीकडे आहे. कायद्याच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे: आठवड्यातून ठरावीक काळ मासे मोकळे सोडण्याचा दंडक स्कॉटलंडमध्ये मध्ययुगापासून आहे, आणि रविवारी सॅमन वा सी ट्राउटवर काठी उगारायला आजही मनाई आहे.

जुन्या काळी किती मारत, हे वाचताना आज बरं वाटत नाही. 1888 साली लुइस बेटावरच्या ग्रिमर्स्टा इथे एका माणसाने एका दिवसात नकली माशीने 54 सॅमन घेतले. लॉख मारीवर तसा आकडा नाही, पण तिथलं वैभव सी ट्राउटचं होतं, संख्येने आणि वयानेही. 1920-30 च्या दशकांत हर्बर्ट नॉल नावाचे अभ्यासक माशांचे खवले भिंगाखाली घालून त्यांवरची वर्तुळं मोजत. प्रत्येक हिवाळ्याची, प्रत्येक विणीची खूण खवल्यावर उमटते. लॉख मारीतल्या एका सी ट्राउटच्या खवल्यावर त्यांना अकरा विणींच्या खुणा सापडल्या. मासा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. अकरा वेळा समुद्र, अकरा वेळा परत तोच ओढा. सॅमनमध्ये हे शक्य नाही. बहुतेक सॅमन पहिल्या विणीनंतर मरतात. सी ट्राउटचं गोत्र टिकतं ते अशा जुन्या, मोठ्या, अनुभवी माद्यांवर.

या पुस्तकाला खरं निमित्त दिलं ते इथल्या एका सवयीने. मासेमारीच्या हॉटेलांत संध्याकाळी मासे दिवाणखान्यात मांडले जात, तोलले जात, आणि वहीत नोंद होई: तारीख, तळ्याचा कुठला भाग, किती मासे, किती वजन. हेतू शास्त्राचा मुळीच नव्हता. फुशारकीचा होता, आणि पुढच्या वर्षीच्या गिऱ्हाइकाला भुलवण्याचा. पण दशकानुदशकं वही लिहिली गेली, आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिच्यातले आकडे कोसळले तेव्हा ते कोसळल्याचं कळलं ते तिच्यामुळेच.

1987 मध्ये लॉख यूमध्ये सॅमनचे पिंजरे आले. स्कॉटलंडमध्ये हा व्यवसाय 1970 च्या आसपास लॉख आयलॉर्टमध्ये सुरू झाला होता आणि पश्चिम किनाऱ्यावर झपाट्याने पसरत होता. समुद्रात तरंगत्या जाळ्यांत लाखो सॅमन एकत्र ठेवले की त्यांच्यावर समुद्री उवा वाढतात. या परजीवी उवा निसर्गातही असतात. ताज्या चढलेल्या सॅमनच्या अंगावर दोन-चार उवा असणं ही जुन्या मासेमारांसाठी आनंदाची खूण होती. पिंजऱ्यांभोवती मात्र त्यांच्या अळ्यांचं प्रमाण कैक पटींनी वाढतं आणि त्या प्रवाहाबरोबर फाट्यात पसरतात. सॅमनचं पिल्लू तिथून थोड्या दिवसांत निघून जातं. सी ट्राउटचं जात नाही. त्याचं चरण्याचं रानच तो फाटा. बोटभर लांबीच्या पिल्लाच्या अंगावर डझनांनी उवा चढतात, कातडी खातात, आणि ते पिल्लू मरतं, नाहीतर जीव वाचवायला उपाशीपोटीच गोड्या पाण्यात पळून येतं. 1988 पासून यू नदीचा सी ट्राउट ढासळला. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बटलर आणि वॉकर यांच्या अभ्यासात हा ऱ्हास नोंदला आहे: मासे कमी झाले, समुद्रात त्यांची वाढ खुंटली, आणि वयस्क, अनेकदा व्यालेले मासे जवळपास नाहीसे झाले. डॅपिंगसाठी वर्षानुवर्षं येणारी मंडळी यायची थांबली. घिलींची कामं गेली.

व्यवसायाची बाजूही ऐकली पाहिजे. पिंजऱ्यांनी या निर्जन किनाऱ्यावर बाराही महिन्यांचे पगार आणले, जे सहा महिन्यांच्या साहेबी मासेमारीने कधी आणले नव्हते. पिंजरे नसलेल्या पूर्व किनाऱ्यावरही सॅमन घटले आहेत. समुद्र तापतो आहे आणि तिथे जाणाऱ्या पिल्लांपैकी फार थोडी परततात. हे सगळं खरं आहे. पण लॉख यूपुरतं बोलायचं तर कारणांच्या यादीत पहिलं नाव कुणाचं, याविषयी मला शंका नाही. 2018 मध्ये स्कॉटिश पार्लमेंटच्या समित्यांनी या व्यवसायाची कडक झाडाझडती घेतली, आणि 2024 पासून उवांवर नियंत्रणाची चौकट पर्यावरण खात्याकडे गेली. ती वीस-पंचवीस वर्षं आधी यायला हवी होती. लॉख यूमधले पिंजरे काही वर्षांपूर्वी उचलले गेले. अकरा विणींची मादी तयार व्हायला मात्र अठरा वर्षं लागतात, आणि ती कोणत्याही खात्याच्या हुकुमाने येत नाही.

देशभरचं चित्र असं: स्कॉटलंडमध्ये काठीने पकडलेल्या सॅमनची 1952 पासून नोंद आहे. 2010 साली एक लाख दहा हजारांवर मासे मिळाले. 2023 साली सुमारे 33,000, नोंदी सुरू झाल्यापासून तोवरचा नीचांक. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ग्रेट ब्रिटनमधला सॅमन संकटग्रस्त ठरवला. 2016 पासून दरवर्षी प्रत्येक नदीची तीन वर्गांत प्रतवारी होते, आणि तिसऱ्या वर्गातल्या नदीत सॅमन मारणं गुन्हा आहे. पकडलेल्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक आज परत सोडले जातात.

सोडणं म्हणजे पाण्यात फेकणं नव्हे. गळाचा उलटा काटा आधीच चेपलेला असावा. हात ओले, जाळं रबराचं, मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, पोट दाबायचं नाही. दमलेल्या माशाला तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांत नुसतं आधाराने धरायचं, कल्ले नीट चालू झाले की तो स्वतःहून निघतो. एक चांगला फोटो काढायच्या नादात मरणारे मासे वहीत ‘सोडले’ म्हणून नोंदले जातात, हे प्रत्येक घिलीला ठाऊक आहे.

मग हा खेळ चालूच का ठेवायचा? अंड्यांनी भरलेल्या मादीला दहा मिनिटं दमवायचं आणि मग उदार होऊन सोडून द्यायचं, यात दुटप्पीपणा आहेच. वलगणीचे मासे न धरण्याविषयी आपल्याकडे जे बोललं जातं तेच इथेही लागू होतं. माझं मत स्पष्ट सांगतो. ऑक्टोबर उजाडला की काठ्या बांधून ठेवाव्यात, कायदा तारीख पुढची देत असला तरी. ब्राउन ट्राउटचा हंगाम 6 ऑक्टोबरला संपतो. त्याच्या समुद्रात जाऊन आलेल्या भावंडाला त्याहून कमी विश्रांती देण्याचं कारण मला दिसत नाही. सप्टेंबरची गोष्ट वेगळी. तेव्हा होड्या निघाल्या पाहिजेत, कारण काठावर बसून तळ्यात काय कमी झालं हे कोणालाच कळत नाही. 1988 मध्ये आरडाओरडा केला तो मासे मारणाऱ्यांनी. निसर्गप्रेमी तेव्हा पाणबुडे पक्षी मोजत होते, आणि पक्षी ठीक होते.

पुढच्या प्रकरणांत माश्या बांधण्याची कृती आहे, होडी वाहवण्याचं तंत्र आहे, घिलींकडून ऐकलेल्या गोष्टी आहेत. ज्यांना गळाच्या मासेमारीत रस नाही त्यांनी तंत्राची प्रकरणं खुशाल गाळावीत. कायदा आणि उवांची मात्र गाळू नयेत. एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. काठीने पकडलेला सॅमन विकायला स्कॉटलंडमध्ये 2002 पासून बंदी आहे, आणि किनाऱ्यावरची जाळी 2016 मध्ये बंद झाली. पिंजऱ्यांतून मात्र वर्षाला दीड ते दोन लाख टन मासा निघतो. लंडनच्या दुकानात किंवा दुबईच्या विमानतळावर ‘स्कॉटिश सॅमन’ लिहिलेलं पाकीट दिसलं, तर आतला मासा बहुधा एकाही नदीत चढलेला नसतो.